धार, देवास आणि ‘ध चा मा’

२०२३ च्या डिसेंबरात साठलेली रजा घेऊन मी देवासला जाऊन आलो. कचेरीत अर्ज दिला तेव्हा आमच्या हेडक्लार्कबाईंनी विचारले, "देवासला काय आहे?" मी म्हटले, "माझी थोरली बहीण आहे." त्यांनी सही केली. नाहीतर आपल्याकडे देवास म्हटले की संगीतवाल्यांना कुमार गंधर्व आठवतात आणि बाकीच्यांना काहीच आठवत नाही.

ताईचे लग्न १९९५ साली झाले. फोंडा तालुक्यातली मुलगी थेट माळव्यात दिली म्हणून तेव्हा वाड्यावर बरीच चर्चा झाली होती. पण भावोजींचे घर मराठीच. अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग दक्षिणेतून जी घरे माळव्यात गेली आणि तिथलीच झाली, त्यांपैकी एक. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि बोलता बोलता मध्येच माळवी. ताई त्यात सहज मिसळून गेली. फक्त फोनवर आमच्याशी कोकणीत बोलायची आणि दरवेळी सोलां पाठवायला सांगायची. (आम्हा भावंडांचे सगळे बोलणे कोकणीतच होते. इथे मराठीत लिहितो आहे, तेवढे चालवून घ्या.)

२०१६ साली तिला थकवा यायला लागला आणि पोटात डाव्या बाजूला जड वाटू लागले. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी लाखाच्या वर. पुढच्या तपासण्या इंदूरला झाल्या आणि नाव कळले: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. म्हणजे रक्ताचा कर्करोग, सावकाश वाढणारा. आम्ही सगळे हादरलो. आई तर देवासमोर जाऊन बसली ती उठेचना. पण डॉक्टरांनी सांगितले, घाबरू नका, याला गोळी आहे. रोज एक, जेवणानंतर, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. आणि खरोखरच काही महिन्यांत रक्त ठिकाणावर आले. पुढे तर सूक्ष्म तपासणीतही रोगाचा मागमूस जेमतेम दिसू लागला. आईने मंगेशीला अभिषेक केला. आम्ही सुटकेचा श्वास सोडला आणि पुढची सात वर्षे दर रविवारी मी फोनवर एकच प्रश्न विचारीत राहिलो, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "बरी आहे." असो.

तर डिसेंबरात मी पोचलो. पहिल्या रात्री जेवणे झाली, गप्पा झाल्या, ताईने गोळी घेतलेली दिसली नाही. वाटले, माझे लक्ष नसेल. दुसऱ्या रात्री मुद्दाम पाहिले, तरी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उदबत्ती शोधायला देवघराचा खण उघडला तर आत गोळ्यांची पाकिटे, एकावर एक, न फोडलेली.

"ताई, हे काय?"

ती शांतपणे म्हणाली, "नवरात्रापासून बंद केल्यात."

"कोणाला विचारून?"

"कोणाला विचारायचे? रिपोर्टात काही दिसत नाही. मला काही होत नाही. त्या गोळीने मात्र सकाळी डोळे सुजतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळते. सात वर्षे घेतली. आता कॅन्सर नाही, मग औषध कशाला? बरे झालेल्या माणसाने औषध घेत राहायचे हे कुठले शास्त्र?"

भावोजींना ठाऊक नव्हते, पुण्याला नोकरीला असलेल्या भाच्यालाही नव्हते. मला राग आला, पण खरे सांगू? मला उत्तर देता आले नाही. मी बी. ए. झालेला माणूस, विषय मराठी, दुय्यम इतिहास. कचेरीत यूडीसी. टिपणी लिहायला सांगा, लिहितो. पण ‘बरे झालेल्या माणसाने औषध का घ्यायचे’ हे मला सात वर्षांत कोणी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते. "डॉक्टरांनी सांगितलेय म्हणून," एवढेच मी म्हणालो. ती हसली.

त्या रात्री मी जागाच राहिलो. तिची फाइल वाचली, फोनवर मिळेल ते वाचले, भाच्याच्या एका डॉक्टर मित्राला उठवून अर्धा तास पिडले. शब्द अवघड होते, पण गोष्ट अवघड नव्हती. किंबहुना मला ती फार ओळखीची वाटली, कारण ती सगळी टपालाची गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी आमचे धारला जायचे ठरलेलेच होते. इंदूरच्या एका अंगाला देवास आणि दुसऱ्या अंगाला धार. दोन्हीकडे पवारांचीच राज्ये. धार म्हटले की लोकांना राजा भोज आठवतो. लाट मशिदीत तो प्रसिद्ध लोखंडी स्तंभ तीन तुकडे होऊन पडला आहे, तोही पाहण्यासारखा. पण मला बघायचा होता किल्ला. तांबड्या दगडाचा, एका टेकाडावर. आत खरबूजा महाल नावाची जुनी वास्तू आहे. जानेवारी १७७५ मध्ये दुसरा बाजीराव या किल्ल्यात जन्मला. रघुनाथराव उत्तरेत वणवण करीत होते आणि गरोदर आनंदीबाईंना धारच्या पवारांच्या आश्रयाला ठेवले होते.

आनंदीबाईंचे नाव घेतले की पुढचे सांगावे लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणरावांचा खून. परंपरा सांगते की गारद्यांना दिलेल्या हुकुमात ‘नारायणरावास धरावे’ असे होते आणि आनंदीबाईंनी त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ केला. धरावेचे मारावे झाले. हे इतिहासाला किती धरून आहे यावर वाद आहेत, आणि त्या बाईवर कदाचित अन्यायही झाला असेल. पण मराठी माणसाच्या मनात ती गोष्ट पक्की बसली आहे: एक अक्षर बदलले आणि पेशवाईचे दैव फिरले.

किल्ल्याच्या तटावर आम्ही सोलकढी आणि पोळीभाजी घेऊन बसलो. (सोलकढी मीच सकाळी केली होती.) तिथे मी ताईला म्हटले, "ताई, तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले." पुढे जे बोललो ते बरेच अडखळत बोललो. इथे जरा नीट लावून लिहितो.

आपले शरीर म्हणजे सुमारे तीस लाख कोटी पेशी. एवढ्या सगळ्यांनी एका घरात गुण्यागोविंदाने राहायचे तर निरोपानिरोपी चोख पाहिजे. बोट कापले तर तिथल्या पेशींना ‘वाढा’ असा निरोप जातो आणि जखम भरली की ‘पुरे’ असाही निरोप जातो. दोन्ही तितकेच महत्त्वाचे. पेशीच्या अंगावर दारावरच्या टपालपेटीसारखी प्रथिने असतात. बाहेरून आलेला निरोप तिथे पडतो. मग आत एका टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी फाइल सरकते. प्रत्येक टेबलावर शिक्का बसतो. हा शिक्का म्हणजे फॉस्फेट नावाचा एक छोटा रासायनिक तुकडा. तो मारणाऱ्या कारकुनांना कायनेज म्हणतात. शिक्क्यावर शिक्के बसत फाइल पेशीच्या केंद्रात पोचते, तिथे जनुके आहेत, आणि मग आदेश निघतो: एका पेशीच्या दोन करा.

आमच्या कचेरीशी हे किती जुळते पाहा. फरक इतकाच की पेशीत हे काम काही मिनिटांत उरकते.

आता या साखळीत रास नावाचे एक प्रथिन आहे. निरोप आला की ते ‘चालू’ होते, पुढच्या टेबलाला खूण करते आणि थोड्या वेळाने स्वतःच ‘बंद’ होते. या प्रथिनाच्या माळेत १८९ मणी. १९८२ साली अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी मूत्राशयाच्या कर्करोगातले हे जनुक आणि निरोगी माणसातले तेच जनुक शेजारी शेजारी ठेवून अक्षर अक्षर तपासले. फरक निघाला एका अक्षराचा! त्या एका अक्षरामुळे माळेतला बारावा मणी बदलला होता. तेवढ्याने काय झाले, तर रासला ‘बंद’ होणेच जमेना. बाहेरून निरोप येवो न येवो, हा आपला आत सांगत बसला: वाढा, वाढा, वाढा.

ताई म्हणाली, "म्हणजे ध चा मा."

"तोच."

यावरून मला आमच्या भागातली एक गोष्ट आठवली, तीही तिला सांगितली. मी नोकरीला नवीन होतो तेव्हाची. एका गावात पाणीटंचाई होती म्हणून रोज एक टँकर पाठवायचा आदेश निघाला. आदेशात शेवटी नेहमीचे वाक्य, ‘पुढील आदेशापर्यंत’. पुढे त्या गावात नळ आले. पण पुढील आदेश काही निघाला नाही! टँकर रोज यायचा, भोंगा वाजवायचा, लोक त्या पाण्याने म्हशी धूत. बिले निघत होती, प्रत्येक कागद नियमाप्रमाणे होता, प्रत्येक टेबलावर सही होती. कोणी चोर नव्हता, कोणी शत्रू नव्हता. फक्त ‘पुरे’ म्हणणारा कागद नव्हता. दोन वर्षांनी एका नव्या साहेबाने विचारले, हा टँकर कोणाला पाणी देतो? तेव्हा कुठे तो थांबला.

कर्करोगाविषयी माझी समजूत इथे बदलली. मला वाटायचे कर्करोग म्हणजे बाहेरून आलेला राक्षस. आपण भाषाही तशीच वापरतो: झुंज, लढा, विळखा. पण ही पेशी आपलीच. ती दुष्ट नाही. तिला मिळालेला आदेश ती इमानाने पाळते आहे. आदेशच बिघडलेला आहे.

अर्थात शरीर इतके भोळे नाही. त्याच्याकडे रामशास्त्रीही आहेत. पी-५३ नावाचे एक प्रथिन पेशीतल्या कागदपत्रांवर नजर ठेवते. अक्षरे बिघडलेली दिसली की ते पेशीचे काम थांबवते, दुरुस्ती होते का पाहते, आणि होत नसेल तर सरळ देहान्त प्रायश्चित्त सांगते. पेशी मुकाट्याने मरते. आपल्या नकळत हे न्यायदान रोज चालू असते. पण माणसाच्या निम्म्याच्या आसपास कर्करोगांत हे पी-५३ स्वतःच बिघडलेले आढळते. रामशास्त्र्यांनी पुणे सोडल्यावर दरबारात काय राहिले असेल, तसे. म्हणूनच बहुतेक कर्करोग एका चुकीने होत नाहीत. ‘वाढा’चे बटण अडकते, ‘पुरे’ ऐकू येईनासे होते, ‘मर’ हा हुकूम पोचत नाही, अशा चुका वर्षानुवर्षे साठत जातात. म्हणून तो उतारवयात जास्त.

"पण अक्षर बदलतो कोण?" ताईने विचारले. "मी असे काय केले होते?"

हा प्रश्न ती सात वर्षे मनात घेऊन बसली होती हे मला तेव्हा कळले. कुठल्या तरी जन्मीचे, कुठला तरी नवस फेडायचा राहिला, असे काहीबाही. मी म्हटले, अक्षर बदलणारे हात अनेक. तंबाखूतली द्रव्ये बदलतात. डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४० च्या दशकातच खैनी खाणाऱ्यांच्या तोंडातल्या कर्करोगावर लिहून ठेवले आहे. उन्हातले अतिनील किरण बदलतात, काही विषाणू ढवळाढवळ करतात. आणि कित्येकदा कोणीच काही करीत नाही. पेशीची दुसरी पेशी होताना सुमारे सहाशे कोटी अक्षरांची नक्कल करायची असते. आमच्या कचेरीत तीन पानांची नक्कल करताना तीन चुका होतात! तुझ्या आजाराला तर बहुधा काहीच कारण सापडत नाही. तो आईबापांकडून येत नाही, मुलांना जात नाही. हाडाच्या मगजात एका पेशीत एक चूक झाली. एवढेच.

ती बराच वेळ गप्प होती. मग डबा बंद करताना म्हणाली, "एवढेच का?" तिचा आवाज मला जरा हलका झाल्यासारखा वाटला.

पण तिच्या गोळीचा प्रश्न अजून उरलाच होता. तो सुटला देवासच्या मोठ्या रस्त्यावर.

देवासची गंमत आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात उतरलेले तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू १७२८ मध्ये इथे स्थिरावले आणि एका गावात दोन गाद्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. पुढे १८४१ नंतर दोन्ही राज्ये वेगळी झाली, पण जमिनी एकमेकांत अशा गुंतलेल्या की राजधानीचे गाव एकच राहिले. मोठ्या रस्त्याची एक बाजू एका राजाची, दुसरी दुसऱ्याची. दोन्ही बाजूंचा कारभार वेगळा, पाण्याची सोय वेगळी, दिव्यांची सोयही वेगळी. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून इथे राहिला होता. त्याने १९५३ साली देवासच्या आठवणींचे पुस्तक काढले, त्याचे नावच इथल्या देवीच्या टेकडीवरून. टेकडीवर देवीही दोन, थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा.

धारहून परतलो, संध्याकाळी त्या रस्त्यावरून चालत होतो. ताईनेच सवयीने दाखवले, "ही थोरल्यांची बाजू, ती धाकट्यांची." मी तिथेच थांबलो.

"ताई, समजा जुन्या काळी इथे वादळ झाले. दोन्ही बाजूंचे खांब पडले. दुरुस्त करणाऱ्याने चुकून या बाजूच्या खांबाचे वरचे टोक त्या बाजूच्या बुडख्यावर जोडले. दिवा धाकट्यांचा, तार थोरल्यांची. आता हा दिवा विझवायचा कोणी? धाकट्यांचा माणूस आपले बटण दाबतो, तर तार त्याची नाही. थोरल्यांच्या यादीत हा दिवाच नाही. दिवा रात्रंदिवस जळत राहणार."

तिच्या रोगात हेच झाले आहे. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या. त्यातल्या नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे टोक तुटून एकमेकांना चिकटते. १९६० मध्ये फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना या रोगात एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये जॅनेट राउली या बाईंनी दाखवले की ही नुसती तूट नाही, अदलाबदल आहे. या अदलाबदलीत नवव्यावरचे एबीएल नावाचे जनुक बाविसाव्यावरच्या बीसीआरला जाऊन चिकटते. एबीएल म्हणजे एक शिक्का मारणारा कारकून. एरवी तो स्वतःचा हात आवरून बसतो, निरोप आला तरच शिक्का मारतो. जोडकामात त्याचा हात आवरणारा भाग जातो आणि बीसीआरचा तुकडा त्याला सदा जागा ठेवतो. मग तो शिक्के मारीतच सुटतो. पांढऱ्या पेशी वाढत जातात. लाख, दोन लाख.

आणि गोळी? शिक्का मारायला शाई लागते. पेशीत ती शाई म्हणजे एटीपी नावाचे द्रव्य. या बिघडलेल्या कारकुनाच्या टेबलावर शाईचे पॅड ठेवायची एक खोबण आहे. इमॅटिनिब हे औषध नेमके त्या खोबणीत जाऊन बसते. कारकून आहे, शिक्का आहे, पण शाई नाही. फाइल पुढे जात नाही. पुढे जात नाही म्हणून वाढीचा आदेश निघत नाही, आणि त्या निरोपावर जगणाऱ्या पेशी मरू लागतात.

मे २००१ मध्ये अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली. त्याआधी हा रोग बहुतेकांना काही वर्षांतच नेत असे. या औषधाची जी मोठी चाचणी झाली तिच्यात दहा वर्षांनंतर सुमारे ८३ टक्के रुग्ण जिवंत होते. आपल्याकडे मूळ कंपनीची गोळी महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडे, तर भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत. पेटंटचा खटला वर्षानुवर्षे चालला. त्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही विरोधात उभी होती. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. ताईच्या देवघराच्या खणातली ती पाकिटे त्या निकालाची. तो कागद जर उलटा निघाला असता तर भावोजींच्या पेन्शनीत काय भागले असते, याचा मी विचार करून पाहिला आणि सोडून दिला.

सगळे ऐकून ताईने शेवटी नेमका प्रश्न विचारला. ती उगाच नाही माझी थोरली बहीण.

"म्हणजे ती गोळी त्या आनंदीबाईला मारीत नाही?"

"नाही. नुसता हात धरून ठेवते."

"आणि बाई वाड्यातच आहे?"

"बहुधा आहे. कुठेतरी कोपऱ्यात, दोन-चार पेशींत. हात सोडलास की पुन्हा लेखणी उचलेल."

घराजवळ येईपर्यंत ती काही बोलली नाही. टेकडीच्या पायथ्याशी कुमारजींचे घर, भानुकुल. त्यावरून जाताना ती नेहमी क्षणभर थांबते. मीही थांबलो. कुमारजी १९४८ मध्ये क्षय घेऊन देवासला आले. कोरड्या हवेसाठी. गायचे नाही असा हुकूम. अंथरुणात पडून त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग स्ट्रेप्टोमायसिन आले, जंतू मेले, एक फुप्फुस कामातून गेले तरी १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले. क्षय हा बाहेरून आलेला रोग. जंतू मारले, औषधाचा ठरलेला काळ संपला, औषध बंद. ताईच्या मनात औषधाचे चित्र हेच होते, तिच्याच दारातले. औषध म्हणजे मारणारे. मारून झाले की संपले. तिचे चुकले कुठे? तिला कोणी सांगितलेच नव्हते की हे औषध मारावेचे नाही, धरावेचे आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी हा आजार असू शकतो. काही रुग्णांची गोळी पुढे थांबवता येते. पण कित्येक वर्षे रोग अगदी खोलवर दबलेला असेल तर, डॉक्टरांनी ठरवून, आणि सुरुवातीला महिन्या-महिन्याला तपासणी करून. असे थांबवलेल्यांपैकी साधारण निम्म्यांत रोग पुन्हा डोके वर काढतो, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांतच. तपासणी चालू असेल तर तो लगेच कळतो आणि गोळी सुरू केल्यावर बहुतेकांचा पुन्हा आटोक्यात येतो. देवघराच्या खणात पाकिटे लपवून, तपासणी न करता बंद करणे म्हणजे मात्र आंधळी कोशिंबीर. आणि सुजणारे डोळे, पोटऱ्यांतले गोळे हेही डॉक्टरांना सांगायचे असतात. त्यावर उपाय असतात, मात्रा बदलता येते, दुसऱ्या गोळ्याही आहेत. ताईने कधी सांगितलेच नव्हते. "एवढ्या मोठ्या आजारातून वाचलो, आता पोटऱ्या दुखतात म्हणून काय सांगायचे?"

हेही लिहायला हवे की सगळे कर्करोग एवढे सरळ नसतात. ताईचे नशीब असे की तिच्या रोगात मुख्य बिघाड एकच आणि त्याला बसणारी किल्ली सापडलेली. ज्या रासच्या गोष्टीने मी सुरुवात केली त्याचा बिघाड १९८२ मध्ये कळला, पण त्याच्या एका प्रकारावर थेट चालणारे पहिले औषध अमेरिकेत मंजूर व्हायला २०२१ उजाडले. चूक सापडणे आणि चूक धरता येणे यांत कधी कधी चाळीस वर्षे जातात.

त्या रात्री भावोजींना सगळे सांगितले. ते काहीच बोलले नाहीत. उठून आत गेले आणि पाण्याचा मोठा पेला भरून आणला. दुसऱ्या दिवशी आम्ही इंदूरला डॉक्टरांकडे गेलो. ते चिडतील असे वाटले होते. चिडले नाहीत. एवढेच विचारले, "तुम्ही मला आधी का नाही सांगितले?" ताई म्हणाली, "तुम्ही तरी मला आधी कुठे सांगितले?" डॉक्टर हसले, पण मला वाटते त्यांनाही ते लागले असावे. तपासणीत रोगाचा आकडा वर सरकू लागला होता. रक्त अजून ठीक होते. पोटऱ्यांसाठी औषध लिहून दिले आणि गोळी पुन्हा सुरू झाली. २०२४ च्या पावसाळ्यापर्यंत आकडा परत खाली आला.

मी परत आलो, कामावर रुजू झालो. टेबलावर फायली साठल्या होत्या. पहिल्याच दिवशी एक मसुदा हाताखालून गेला, त्यात शेवटी ‘पुढील आदेशापर्यंत’ होते. मी ते खोडून तारीख घातली. हेडक्लार्कबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पण सही केली.

एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. सात वर्षे दर रविवारी मी विचारत होतो, बरी आहेस ना, आणि ती सांगत होती, बरी आहे. निरोप जात होता, येत होता, पण त्यात काहीच नव्हते. आम्हा दोघांच्या मधली तारही कुठेतरी अडकलेलीच होती. ती तुटली असती तर निदान लक्षात तरी आले असते.

आता मी तसे विचारीत नाही. निघताना ताईशी एक करार केला. रोज रात्री जेवण झाले, गोळी घेतली की तिने मला व्हॉट्सॅपवर एक अक्षर पाठवायचे. नऊ-सव्वानऊला फोन किणकिणतो. बायको विचारते, "आला?" मी दाखवतो. पडद्यावर फक्त ‘ध’.

मागे एकदा साडेदहा वाजले तरी आला नाही. मी अंगणात फेऱ्या मारल्या, शेवटी फोन लावला. ताई म्हणाली, "अरे, नेट गेले होते रे. घेतली. ध, ध, ध! झाले?"

झाले.